ही काय मोगलाई लागून गेली का? : शब्दाचा अर्थ आणि उगम

सातरस्ता
गेल्या आठवड्यात वारस नोंदीसाठी एका सरकारी कार्यालयात तिसऱ्यांदा गेले होते. सासरे गेले, दोन एकर कोरडवाहू जमीन आहे, सातबाऱ्यावर नावं लावायची आहेत. मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, सगळे कागद जोडलेले. खिडकीतल्या मुलाच्या गळ्यात ओळखपत्र नव्हतं. तो नोकरीतला आहे की कुणाच्या ओळखीने बसलाय, तेच कळेना.

माझ्या पुढे एक आजोबा होते. धोतर, फेटा, वय पंच्याऐंशीच्या पुढे. त्यांना त्या मुलाने "पाचशे लागतील" म्हणून सांगितलं. आजोबांनी विचारलं, "पावती देणार का?" तो गप्प. मग आजोबांनी काठी फरशीवर आपटली. "पावती न्हाई, मग पैसे कशाचे? ही काय मोगलाई लागून गेली का?"

तो मुलगा शेजारच्याला म्हणाला, "आजोबा हॉटेलचं नाव सांगायलेत बे." दोघं हसले. आजोबांचे हात थरथरत होते. मला फार लागलं ते.

घरी सांगितलं तर माझा मुलगा, जो स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, म्हणाला, "आई, इंग्रजीत याला क्लेप्टोक्रसी म्हणतात. मराठीत काय म्हणायचं?" मी म्हटलं, मोगलाई. तो म्हणाला, तो तर इतिहासातला शब्द आहे. आता मलाच प्रश्न पडलाय. लहानपणापासून ऐकतेय, पण मोगलाई म्हणजे नेमकं काय? मोगल जाऊन इतकी वर्षं झाली, तरी सोलापूरच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी हा शब्द इतका ताजा कसा?

कडक_भाकरी
हॉटेलच्या पाटीवर मोगलाई वाचलं की तोंडाला पाणी सुटतं, कचेरीत ऐकलं की डोळ्यांना. बाकी त्या मुलाच्या पाठीत आजोबांची काठी बसायला पाहिजे होती.

शब्दवेडा
आधी मुलाच्या प्रश्नाचं. क्लेप्टोक्रसी हा शब्द ग्रीकवरून घडलाय. क्लेप्टेस म्हणजे चोर, क्रॅटोस म्हणजे सत्ता. शब्दाला शब्द हवा असेल तर चोरशाही. पण त्याची व्याप्ती खिडकीतल्या पाचशे रुपयांएवढी नाही. राज्य चालवणाराच राज्याची तिजोरी स्वतःची समजून उपसतो, तेव्हा तो शब्द वापरतात. झैरेत मोबुटू १९६५ पासून १९९७ पर्यंत सत्तेवर होता, फिलिपिन्समध्ये मार्कोस १९८६ पर्यंत. ही नेहमीची उदाहरणं. परीक्षेत हीच लिहावीत.

मोगलाई हे त्याचं भाषांतर नाही. मंगोलचं फारसीत मुगल झालं, मराठीत मोगल. पेशव्याची ती पेशवाई, तशी मोगलांची ती मोगलाई. म्हणजे मुळात नुसतं राज्याचं, मुलखाचं नाव. त्याला 'अंदाधुंद कारभार' हा अर्थ नंतर चिकटला. आणि सोलापुरात तो ताजा आहे त्याचं कारण दिल्ली नाही. हैदराबाद आहे.

अणदूरची_लेक
शब्दवेडा बरोबर बोलले. माझं माहेर अणदूरचं, नळदुर्गच्या पुढे. माझी आजी सोलापूरची, लग्न होऊन तिकडे गेली. तिच्या माहेरची माणसं कायम म्हणायची, "हिला मोगलाईत दिली." त्यात शिवी नव्हती. पत्ता होता तो! निजामाच्या मुलखाला इकडे मोगलाईच म्हणत. पहिला निजाम हा मोगल बादशहाचा दख्खनचा सुभेदार, १७२४ मध्ये तो जवळजवळ स्वतंत्र झाला, तरी मराठी माणसाच्या तोंडी तो मोगलच राहिला.

सोलापूर इंग्रजांकडे, तुळजापूर-नळदुर्ग निजामाकडे. आजी सांगायची, सणाला माहेरी यायचं तर पदराच्या गाठीला दोन तऱ्हेचे पैसे बांधावे लागायचे. तिकडे हाली शिक्का, इकडे कलदार. सात हाली रुपये दिले की साधारण सहा कलदार यायचे. आणि हद्दीवर करोडगिरीचा नाका. येताना कुणी पाहत नसे. परत जाताना मात्र गाठोडं सोडून दाखवायचं. एकदा तिच्या वडिलांनी दिलेलं इरकल लुगडं नाक्यावरच्या शिपायाने उलगडलं, सगळ्यांसमोर उंच धरून बघितलं, आणि तसंच चुरगाळून परत दिलं. पैसे किती घेतले ते ती कधी सांगायची नाही. लुगडं उलगडल्याचं मात्र दरवेळी सांगायची.

नवीपेठ
करोडगिरी? म्हणजे करोड रुपयांशी काही संबंध?

शब्दवेडा
आहे. अकबराने १५७० च्या दशकात मुलखाचे असे भाग पाडले की प्रत्येकातून एक कोट दाम महसूल यावा. चाळीस दामांचा एक रुपया, म्हणजे अडीच लाख रुपये. वसुलीला नेमलेला अंमलदार तो करोडी. या करोडींनी रयतेला इतकं पिळलं की पुढे तोडरमलाने त्यांचे हिशेब काढले आणि कित्येकांना कोठडीत घातलं. निजामाच्या राज्यात जकात खात्याचं नाव शेवटपर्यंत करोडगिरी असंच होतं. अणदूरच्या आजींचं लुगडं ज्याने उलगडलं, त्याच्या खात्याचं नाव अकबराच्या दप्तरातून आलेलं होतं.

पूर्वभागकर
आमच्या घरी तेलुगू. त्यामुळे मोगलाईचं मला फार सांगता येणार नाही, पण लाच शब्दाचं सांगतो. मराठीत लाच, कानडीत लंच, तेलुगूत लंचम. संस्कृतात लञ्चा आहे. सोलापुरात तिन्ही भाषा एका गल्लीत, तिन्हीत शब्द एकच. देणाऱ्याला भाषेची अडचण नको म्हणून असेल.

आणि एक खरी घडलेली गोष्ट. आमच्या शेजारच्या कानडी अज्जींना पेन्शनच्या कामाला घेऊन गेलो होतो. खिडकी बंद, वर पाटी: 'लंच टाइम २ ते २.३०'. अज्जींनी अक्षरं जुळवून वाचली आणि मला म्हणाल्या, "बरं झालं, वेळ लिहून ठेवली. अर्ध्या तासात उरकतात वाटतं." मी रस्त्यावर येईपर्यंत हसत होतो.

कडक_भाकरी
अज्जींना साष्टांग नमस्कार!

बेगमपेठकर
धागा छान चाललाय, पण एक बोलतो. आमच्या घरीही हा शब्द आहे. माझे नाना लूमवर होते, पगार थकला की तेसुद्धा म्हणायचे, "क्या मोगलाई लगी है क्या?" त्यांना त्यात काही वावगं वाटत नसे. मला मात्र शाळेत हा शब्द अंगावर फेकून झालाय. "तुमची मोगलाई संपली आता" असं. तेव्हा शब्दाचा उगम विचारताना तो आज कुणाला लागतो तेही विचारात घ्या.

दुसरं. जुलमाचं माप एकाच राज्याच्या नावाने का? आपल्याच सोलापुरात मे १९३० मध्ये इंग्रजांनी मार्शल लॉ लावला. गांधी टोपी घातली म्हणून माणसं मार खात होती. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन, चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. पार्क चौकाकडे जाताना रोज त्यांच्या पुतळ्यांवरून जातो आपण. पण 'इंग्रजाई' असा शब्द मराठीत झाला नाही.

सातरस्ता
बेगमपेठकर, तुम्ही हे लिहिलंत ते फार बरं केलंत. धागा काढताना माझ्या मनात हे आलंच नव्हतं. ते आजोबा बोलले तेव्हा त्यांच्या मनात कुठला धर्म नव्हता, पावती होती, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं. पण शाळेत तुम्हाला जे ऐकावं लागलं तेही याच शब्दाने, हे विसरणार नाही.

भीमाकाठ
मी मंगळवेढ्याचा. आमच्याकडे मोगलाई पुस्तकातली नव्हे, गावाशेजारची. माचणूरला भीमेच्या काठी ब्रह्मपुरीत औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ अशी चार वर्षं होती. म्हणजे चार वर्षं हिंदुस्थानच्या बादशाहीचा कारभार आपल्या जिल्ह्यातून चालत होता. किल्ल्याची भिंत अजून उभी आहे, खाली नदीचं पात्र. एवढ्या लष्कराला धान्य, वैरण, सरपण कुठून आलं असेल, ते भिंतीवर उभं राहिलं की आपोआप मनात येतं. चहूकडे नुसती ज्वारीची रानं.

बेगमपेठकरांच्या मुद्द्याला जोडून सांगतो. शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या आपल्याच लष्कराला लिहिलेलं, १६७० च्या दशकातलं पत्र प्रसिद्ध आहे. तुम्ही कुणब्यांकडून दाणा, गवत, लाकूडफाटा ओरबाडू लागलात तर रयत म्हणेल की मोगलांपेक्षा तुम्हीच वाईट, अशी त्यात तंबी आहे. म्हणजे मोगल हे तेव्हाही माप होतं, आणि ते माप महाराजांनी स्वतःच्या माणसांना लावलं. शब्दाचा हा वापर मला सगळ्यात मोलाचा वाटतो. आपल्याच सरकारला विचारायचं, की बाबा, ही मोगलाई आहे का? ते आजोबा तेच करत होते. समोरचा मुलगा काही परका नव्हता.

आता कागदोपत्री अर्थ. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथाने दिल्लीहून चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. दख्खनच्या सहा सुभ्यांत महसुलाची चौथाई मराठ्यांची, वर दहा टक्के सरदेशमुखी. मग एकाच गावात दोन अंमल सुरू झाले. मराठ्यांचा वाटा तो 'स्वराज्य' अंमल, उरलेला तो 'मोगलाई' अंमल. अशा गावाला दुअमली गाव म्हणत. एका शेतावर दोन वसुलीवाले. एकाला दिलं तरी दुसरा दारात उभा, आणि पहिल्याला दिल्याचा पुरावा दुसरा मानेल याची खात्री नाही. माझ्या मते आजच्या अर्थाचं मूळ इथे आहे. मोगलाई म्हणजे नुसती चोरी नव्हे. आपण पैसे दिले ते सरकारला की माणसाला, हेच ज्या राज्यात कळत नाही ती मोगलाई.

निवृत्त_कारकून
एकतीस वर्षं महसुलात काढली, म्हणून थोडं लांबलं तर सांभाळून घ्या. सगळ्यांना एका माळेत ओवू नका ही पहिली विनंती. माझ्या पाहण्यात असे तलाठी आहेत की ज्यांनी पंचनाम्याला गेल्यावर शेतकऱ्याच्या घरचा चहासुद्धा घेतला नाही. गावोगाव फिरणारा माणूस तहानेने व्याकुळ व्हायचा, पण पाण्याची बाटली स्वतःची.

आता सातरस्ता ताईंनी पाहिलेला मुलगा. आमच्याकडे त्याला 'झिरो' म्हणतात. झिरो तलाठी. हजेरीपटावर नाही, पगारपत्रकावर नाही, पण खुर्ची त्याची आणि संगणकाचा पासवर्डही त्यालाच ठाऊक. एका तलाठ्याकडे चार-पाच गावं असतात, कधी जास्त. काम उरकत नाही म्हणून मदतीला पोरगा ठेवला, अशी सुरुवात होते. सरकार त्याला पगार देत नाही, मग त्याचा पगार येतो कुठून? खिडकीतून. पुढे तोच ठरवतो कुणाचा कागद वर आणि कुणाचा तळाला. 'वजन ठेवा' म्हणतात ते यासाठी, वजन नसलेला कागद उडून जातो म्हणे. भीमाकाठ म्हणतात तो दुअमल तो हाच. एक शासनाची फी, दुसरी झिरोची.

ताई, तुमच्या कामाचं सांगतो. वारस नोंदीचा अर्ज दिला की पोच घ्यायचीच, तारीख आणि शिक्क्यासह. फेरफार नोंदवहीत नोंद धरली की हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीला १५ दिवस. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. अर्ज ऑनलाइनही देता येतो. शिवाय २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. कोणती सेवा किती दिवसांत आणि किती शुल्कात, ते कार्यालयात फलकावर लावणं बंधनकारक आहे. उशीर झाला तर अपील. कुणी पैसे मागितले तर लाचलुचपत विभागाचा १०६४ हा फोन नंबर. आणि पैसे देऊ नका. २०१८ च्या दुरुस्तीनंतर देणाराही गुन्हेगार ठरतो. दबावाखाली द्यावेच लागले तर सात दिवसांत कळवावं लागतं.

नवीपेठ
निवृत्त साहेब, एकतीस वर्षांत तुमच्या शेजारच्या टेबलावर झिरो बसत होता का?

निवृत्त_कारकून
होता. दोन ठिकाणी. एका ठिकाणी मी वरिष्ठांकडे लेखी दिलं, महिन्याभरात माझी बदली झाली. दुसऱ्या ठिकाणी मुलीचं दहावीचं वर्ष होतं. तेव्हा गप्प बसलो.

पूर्वभागकर
लिहिलंत, याबद्दल आभार.

जुनी_मिल
मोगलाईच्या भावंडांची नावं घेतल्याशिवाय धागा पुरा होणार नाही. झोटिंगशाही आहे. झोटिंग म्हणजे भूत, मानगुटीवर बसलं की उतरत नाही. त्यात दांडगाई जास्त, पैसा कमी. बेबंदशाही म्हणजे बंद नसलेली, कुणाचा कुणाला धाकच नाही. पेंढारशाहीत उघड लूट, घोड्यावरून येऊन नेणारी. त्यात निदान खिडकीपुढे रांग लावावी लागत नाही. आणि रझाकारी. १९४७-४८ ला मराठवाड्यातून जीव घेऊन सोलापूर-बार्शीला आलेल्या घरांत हा शब्द कुणी सहज वापरत नाही, आणि वापरूही नये. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरहूनच नळदुर्गच्या रस्त्याने आत शिरली आणि १७ ला निजाम शरण आला. आमच्या घरी त्या आठवड्याची आठवण रणगाड्यांच्या धुळीची आहे.

खुद्द भ्रष्टाचार हा शब्द मात्र मला फिका वाटतो. भ्रष्ट म्हणजे पडलेला, ढळलेला. जुन्या वापरात बाटलेल्या माणसाला भ्रष्ट म्हणत, सोवळ्याओवळ्यातला शब्द तो. त्यात पैसे कुणाचे गेले ते दिसतच नाही. त्यापेक्षा आमची म्हण बरी: आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय. दळणाऱ्याचे कष्ट तरी दिसतात.

बेगमपेठकर
जुनी_मिल, आंधळं दळतंय याला माझं मत. कुणालाच लागत नाही.

कडक_भाकरी
कुत्र्याला लागत असेल की बे.

भीमाकाठ
मंगळवेढ्याचा माणूस दामाजीपंतांना विसरून कसं चालेल? पंधराव्या शतकातली गोष्ट, बिदरच्या बहामनी राज्याचे इथले अंमलदार. मोठा दुष्काळ पडला तेव्हा सरकारी धान्याची कोठारं बादशहाची परवानगी न घेता लोकांना उघडून दिली. पुढे त्यांना पकडून बिदरला नेत असताना विठू महाराच्या रूपाने विठ्ठलाने धान्याची रक्कम दरबारात भरली आणि पावती आणली, अशी कथा आहे. लहानपणी कीर्तनात ऐकताना मला नवल वाटायचं ते देवाच्या रूपाचं. आज हा धागा वाचताना पावतीचं वाटतंय. सांगणाऱ्यांनी देवालासुद्धा पावती घ्यायला लावली!

आणि बघा, कायद्याने पाहिलं तर दामाजीपंतांनी सरकारी माल परस्पर वाटला. त्याला कुणी मोगलाई म्हटलं नाही. पाचशे वर्षांवर लोक त्यांना संत म्हणतायत. त्यांच्या स्वतःच्या घरात एक पायली गेली नव्हती, एवढंच लोकांनी लक्षात ठेवलं.

शब्दवेडा
हे सुंदर आहे. म्हणजे क्लेप्टोक्रसी हा शब्द चोर कोण ते सांगतो, मोगलाई हा शब्द पैसे देणाऱ्याच्या बाजूने उभा राहून बोलतो. मोबुटूच्या तिजोरीत काय होतं ते आजोबांना कळायला मार्ग नव्हता. पाचशेची पावती मिळते की नाही, एवढंच त्यांच्या हातात होतं. मुलाला सांगा ताई, परीक्षेत चोरशाही लिही, आणि बोलताना मोगलाई बोल.

सातरस्ता
उशिरा लिहितेय, कारण मधे परत जाऊन आले. निवृत्त साहेबांनी सांगितल्याप्रमाणे अर्जाची दुसरी प्रत घेऊन गेले आणि पोच मागितली. तो मुलगा म्हणाला, "पोच कशाला, माझ्या ध्यानात आहे." मी म्हटलं, शुल्काचा फलक कुठे आहे तेवढं दाखवा. फलक कपाटामागे भिंतीला टेकवलेला निघाला, तोंड भिंतीकडे. आतून एक बाई आल्या, ओळखपत्र घातलेल्या. त्यांनी काही न बोलता प्रतीवर शिक्का मारला, सही केली, तारीख घातली. नोटीस निघालीय, पंधरा दिवस मोजतेय.

ते आजोबा पुन्हा भेटले नाहीत. त्यांचं काम झालं की नाही, माहीत नाही.

अणदूरची_लेक
ताई, शिक्का मिळाला हे वाचून बरं वाटलं. मीही एक शोधून काढलंय. काल आईने आजीची पत्र्याची ट्रंक उघडली. लुगड्याच्या घडीत एक कागद सापडला, तळहाताएवढा, पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला. छापील उर्दू, मधे शाईने भरलेलं. बेगमपेठकर, तुम्हाला फोटो पाठवला होता, जरा सांगाल का सगळ्यांना?

बेगमपेठकर
वाचला. शाई उडालीय, तारीख लागत नाही. पण वर 'करोडगिरी' स्वच्छ वाचता येतं. एक नग जनाना कपडा, रक्कम आण्यांमध्ये, खाली सही आणि गोल शिक्का. पावती आहे ती.